भरतीचे वेळापत्रक

बाबांचे डोळे गेले त्या हिवाळ्यात
तिसऱ्या प्रकरणाची चौथी प्रत मी उतरवत होते.
ते सांगत, मी लिही.
'देवाने माणूस निर्माण केला.'
मग काठी जमिनीवर दोनदा: खोड.
'देव माणूस निर्माण करीत आला.'
शेगडीत ओंडका तडकला. बराच वेळ गेला.
'खोड, थिर्झा. लिही, करीत आहे.'

एका क्रियापदाला अर्धी मेणबत्ती.

कागद उडू नयेत म्हणून टेबलावर दगड,
तरुणपणी समुद्रकड्यातून त्यांनी खणून आणलेला.
आत नेच्याचं पान, शीरन्‌शीर शाबूत,
आदामाचं नाव ज्याने कधी ऐकलं नाही.
धूळ पुसताना आई तो उचलायची
चुलीवरचं भांडं उतरवावं तसा,
एप्रनच्या टोकाने.

नोव्हा स्कोशातल्या आमच्या गावात
कुणी काय मानतो हे लपत नाही.
डीकन पिनिओ एकदा दारातूनच म्हणाले,
'प्रोफेसर, आदाम होता की नव्हता?
एका शब्दात सांगा, माझं गवत भिजतंय.'
'होता,' बाबा म्हणाले,
'तुम्ही समजता तितका अलीकडे नाही,
आणि तुम्ही समजता तितका लांबही नाही.'
डीकननी टोपी घातली.
'हे बावीस शब्द झाले की काय,' असं पुटपुटत
पावसात गेले.

कॉलेजातले तरुण मात्र हसत,
म्हातारा एक पाय होडीत ठेवून
धक्क्याला धरून बसलाय म्हणत.

त्यांना ठाऊक नव्हतं,
प्रत्येक प्रकरणाची एक नक्कल बॉस्टनला जायची,
लेम्युएलला, माझ्या भावाला,
जो तिथे प्रेतं चिरून डॉक्टर होत होता
आणि जेवणाआधी आता डोळे मिटत नव्हता.
उत्तरं येत. त्यात हवामान असे,
खोलीचं भाडं, मोज्यांबद्दल आईचे आभार.
मी मोठ्याने वाचायची.
बाबा म्हणायचे, 'मागच्या बाजूला काही आहे?'
मागची बाजू कोरी असायची.

जूनमध्ये सात जणांचा बाप्तिस्मा ठरला.
आमच्यात शिंपडून भागत नाही,
माणूस पुरता बुडावा लागतो,
आणि आमची खाडी ओहोटीला मैलभर मागे जाते,
उरतो नुसता तांबडा चिखल, आडवी पडलेली जहाजं.
म्हणून चर्चच्या दारामागे
भरतीचं वेळापत्रक खिळ्याला टांगलेलं असतं
आणि पवित्र आत्मा तीन वाजून दहा मिनिटांनी येतो.

बांधावरून जाताना बाबांचं कोपर
डीकन पिनिओंनी धरलं होतं. दुसरं कुणी नव्हतं म्हणून.
चालता चालता, काहीतरी बोलायचं म्हणून, ते म्हणाले,
'माझ्या आजाच्या वेळी कुरण दमलं
की हा बांध मुद्दाम फोडायचे.
समुद्र आत घ्यायचे. तीन वर्षं मीठच मीठ.
मग गाळ बसायचा, आणि गवत, प्रोफेसर, कमरेएवढं.'

बाबा थांबले. मागची सगळी रांग थांबली.
'तीन वर्षं?'
'तीन. कधी चार.'
'आणि तोवर गुरं काय खायची?'
डीकननी विचार केला.
'शेजाऱ्याचं.'

बाबा हसले. इतके, की गाऊनमधल्या मुली घाबरल्या.

मग ते पाण्यात उतरले, छातीपर्यंत,
सातही जणांना हातांनी ओळखत.
याच पाण्यातून बाराव्या वर्षी लेम्युएल वर आला होता,
नाकात गाळ, आणि पुन्हा बुडवा म्हणत होता.

रात्री मी दौत उघडली. चौथं प्रकरण, तारण.
पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं, काठी आपटली.
दुसरं सांगितलं.
बोटं अजून खाऱ्या चिखलाचीच होती.
'राहू दे. जागा सोड.'
'किती?'

उत्तर आलं नाही.
बाहेर पाणी परतत होतं,
चिखलात हजार बारीक भोकं उघडत असल्याचा
तो आवाज, जो आम्हाला लहानपणी
झोप येईपर्यंत पुरायचा.
मी कोऱ्या पानावर दगड ठेवला
आणि बॉस्टनचा पत्ता लिहायला घेतला.